आलबेल

फुजैरा. आठव्या मजल्यावरचं माझं टेबल.
काचेपलीकडे नांगर टाकून थांबलेली जहाजं,
आज एकशे चार.
रोज मोजते. कुणी मोजायला सांगितलेलं नाही.

सकाळी लंडनहून आकडा येतो:
सामुद्रधुनीतून जायचं तर
जहाजाच्या किमतीवर शेकडा किती, सात दिवसांसाठी.
मंगळवारी पाव टक्का होता.
बुधवारी रात्री कुठेतरी काहीतरी उडालं,
दोन्ही देश म्हणाले, आम्ही नव्हे.
गुरुवारी पाऊण.
आमच्या कचेरीत शांतता टिंबाच्या उजवीकडे राहते,
अकरा महिन्यांच्या करारावरच्या भाडेकरूसारखी.

ऋजुता शारजाला शिकते, दुसरं वर्ष.
रात्री फोनवर घोकून दाखवते, मी भेंडी चिरत ऐकते.
एक मत असं, की शांतता म्हणजे युद्ध नसणं.
म्हणजे ताप नसला की तब्येत?
"आई, मध्ये बोलू नकोस."
दुसरं: दोघांच्या हातात सारख्याच लांबीच्या काठ्या,
म्हणून दोघं अजून उभे.
त्यात गोम अशी, की मी दाराला कडी लावली
तर शेजारी म्हणतो, हिच्या मनात आहे तरी काय,
आणि कुलूप आणतो.
मग मी कुत्रा.
मग तो मोठा कुत्रा,
आणि जिन्यात रात्रभर कुणालाच झोप नाही.
तिसरं: ज्यांचा एकमेकांशी व्यापार असतो ते भांडत नाहीत.
इथे मला हसू आलं.
विळी बाजूला ठेवावी लागली.

"चौथं परीक्षेला येत नाही," ती म्हणाली,
"पण मला तेच पटतं.
गोळी न झाडताही माणूस मारता येतो.
ते थांबेल, तेव्हा शांतता."

शनिवारी गुलाम हैदरच्या लाँचमधून पाहणीला गेले.
ग्वादरचा माणूस, बोलतो कमी, लाटा कापतो तिरक्या.
वाटेत 'अल जौहरा' लागलं.
मालक परागंदा, पगार चौदा महिने नाही,
पासपोर्ट ज्या कचेरीत, तिला टाळं.
वर नऊ माणसं.
त्याच्यावर कुणी क्षेपणास्त्र टाकणार नाही,
ते कुठे जातच नाही.
दर शून्य.
माझ्या अख्ख्या तक्त्यात इतकं शांत जहाज दुसरं नाही.

कठड्यावर एक जण वाकला. इस्माईल होडेकर, जयगडचा, खानसामा.
माझं "सावकाश घ्या" ऐकून त्याला मराठी कळली असावी.
म्हणाला, जनरेटर दिवसाला एक तास,
त्यात फोन की पंखा, यावरून डोकी फुटायची.
आता पाळ्या लावल्यात.
चढून पाहिल्या: लोखंडी भिंतीवर खडूनं
नऊ नावं, चार भाषांतले लोक, सगळ्यांना वाचता यावीत
म्हणून नावांपुढे चित्रं.
मासा, चावी, चंद्र, पाना.
एका नावावर काट.
नऊ माणसं समोर उभी होती, म्हणजे आधी दहा होती.
मी विचारलं नाही.
इतक्या तहांच्या बातम्या वाचल्या,
सह्यांऐवजी मासा असलेला हा पहिलाच.

उतरताना गुलाम हैदरनं कांद्याचं पोतं वर फेकलं.
वहीत लिहिलं नाही.
मीही पाहिलं नाही असं केलं.

कचेरीत रात्री वायरलेस चालू असतो.
साडेदहाला त्याचा आवाज आला, आणि मी सवयीनं विचारलं,
काय होडेकर, आलबेल ना?
"आलबेल."

हा शब्द मुळात आपला नव्हे.
गोऱ्या पहारेकऱ्यांची हाक ती, तासातासाला, अंधारात.
कानाला जशी आली तशी आपण ठेवून घेतली.
सगळं ठीक आहे हे कळवायला होती, म्हणतात.
मला वाटतं, ओरडणाऱ्याला झोप लागू नये म्हणूनही असेल.

जोखमीच्या रकान्यात शून्य लिहिलं होतं, ते खोडलं.
अजून काही भरलेलं नाही.
लंडनचा आकडा सकाळी येईल.
ऋजुताचा पेपर सोमवारी आहे.